साखळी फिरत होती

दवाखान्याच्या व्हरांड्यात मामा म्हणाले, "ताई, तुला भास झाला असेल." पुढे आमच्या घरात जे रामायण घडलं, ते या एका वाक्यावरून.

ताई म्हणजे माझ्या सासूबाई आणि मामा त्यांचा पाठचा भाऊ. आत माझ्या सासऱ्यांच्या मांडीला टाके घालत होते. झाड कापता कापता मशीन त्यांच्याच पायावर आलं होतं. गुडघ्याच्या वर वीतभर चिरलं होतं. हाड वाचलं, एवढंच नशीब. सासूबाई कामावर जाताना सासऱ्यांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट अंगात चढवायच्या. तो शर्ट त्यांनी अजून काढला नव्हता आणि पुढून सगळा रक्ताने भिजून तो आता काळपट, कडक होत चालला होता. मी एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं आणि पेशंटना वेळ द्यायचं काम करते. तिथून मी तशीच धावत आले होते.

"भास?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं, अशा वेळी माणसाला काहीही दिसतं. दाजींचा हात सुटला, दुसरं काय? वय झालं आता त्यांचं. मशीन तर मी परवाच बघून दिलंय. एकदम टकाटक होतं."

"मी खाली उभी होते. दोरी माझ्या हातात होती. त्यांना फांदीवर पाय बदलायचा होता, म्हणून त्यांनी खटका सोडला आणि मशीन असं खाली, पायाशी घेतलं. खटका सोडलेला होता. तरी साखळी फिरत होती."

"भास," मामा पुन्हा म्हणाले आणि समजूत घातल्यासारखा त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

सासूबाईंनी तो हात मनगटाला धरून उचलला आणि बाजूला ठेवून दिला.

आमच्या सासूबाईंचा राग सगळ्या गल्लीला माहीत आहे. गळका नळ, नीट न लागणारं दार, उशिरा येणारा गॅसवाला, या सगळ्यांना त्या सारख्याच मापाने झोडतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून वावरायची. मग हळूहळू कळलं की त्यांचं तोंड सुटलं की घाबरायचं काही कारण नाही. घाबरायचं ते तोंड मिटलं की. त्या दिवशी व्हरांड्यात ते मिटलं.

सासरे आणि सासूबाई दोघं मिळून झाडं कापायची कामं घ्यायचे. कुणाच्या भिंतीवर झुकलेलं झाड, तारांत घुसलेली फांदी, वाळून उभा राहिलेला बुंधा, असली कामं. सासरे कमरेला पट्टा बांधून वर चढायचे आणि सासूबाई खाली दोरी धरायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काम वरचा माणूस करतोय, बाई नुसती उभी आहे. पण कापलेली फांदी कौलांवर पडायची की मोकळ्या जागेत, हे दोरी ठरवते, आणि दोरी सासूबाईंच्या हातात. वर मशीन गरजत असताना बोलणं तर ऐकू येत नाही. त्यामुळे त्या मशीनच्या आवाजावरच सगळं ओळखायच्या. लाकूड ओलं आहे, साखळीची धार गेली आहे, हे दमलेत पण कबूल करणार नाहीत, सगळं त्यांना खालून कळायचं.

मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनसॉ. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे सासूबाई का पेटल्या ते कळेल. खटका दाबला की इंजिन जोरात पळतं आणि पट्टीवरची दातेरी साखळी फिरते. खटका सोडला की इंजिन नुसतं भुडभुडत राहतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. थांबायलाच हवी. माणूस खटका सोडतो तो त्याच भरवशावर.

मशीनची दुरुस्ती मात्र सासूबाईंकडे कधीच नव्हती. ते मामांचं खातं. मोठ्या रस्त्यावर त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. पंप, स्कूटर, गवत कापायची यंत्रं, जे येईल ते उघडतात. "मशीन माझा हात ओळखतं," असं ते म्हणायचे आणि सासरे मान डोलवायचे. मधे कधी सासूबाईंनी काही विचारलंच, तर दोघं हसून म्हणायचे, "तू दोरी सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मशीन न्यायला आले. सासरे अजून दवाखान्यातच होते.

"धुऊन आणतो ते," मामा म्हणाले. "रक्त लागलंय. असली वस्तू घरात कशाला?"

"राहू दे."

"अगं, साखळीला गंज चढेल."

"राहू दे म्हटलं ना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. समजाव तुझ्या सासूला, असा चेहरा केला. मी चहा दिला. तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला आणि गेले. मशीन सासूबाईंच्या पलंगाखाली होतं.

"चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या," त्या कप विसळत म्हणाल्या. "चोर स्वतः धुणं मागायला येतो, हे आज पाहिलं."

"आई, पण मामांनी मुद्दाम कशाला काही..."

"मुद्दाम केलं असं मी म्हटलं का? मी पाहिलं ते पाहिलं, एवढंच म्हणतेय. ते कुणी पुसायचं नाही."

माझा नवरा माल पोचवायची गाडी चालवतो. तो घरी आल्यावर म्हणाला, "आई, विकून टाक ते मशीन. बाबा आता चढणार आहेत थोडेच?"

"विकीन," त्या म्हणाल्या. "आधी त्या मशीनला काय बोलायचंय ते बोलू दे."

सासरे घरी आले, आतल्या खोलीत त्यांचा पलंग लागला. सासूबाईंनी त्यांना गोळ्या दिल्या, उशी नीट केली आणि पायात चपला अडकवून मला म्हणाल्या, "चल."

आम्ही मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याकडे गेलो. तो काउंटरमागे कसल्यातरी खोक्यात डोकं घालून बसला होता. सासूबाईंनी विचारलं, "खटका सोडल्यावरही साखळी का फिरते?"

"मालक कुठे आहेत?" त्याने खोक्यातूनच विचारलं.

"मालक पलंगावर आहेत, मांडी फाडून घेऊन. मला सांगा."

तेव्हा त्याने डोकं वर काढलं. मग मात्र त्याने नीट सांगितलं. एक तर क्लचची, म्हणजे इंजिन साखळीला जोडणाऱ्या भागाची, स्प्रिंग ढिली झाली असेल. नाही तर कुणीतरी रेस वाढवून ठेवली असेल, म्हणजे खटका सोडला तरी इंजिन हवं त्यापेक्षा जोरात पळत राहतं. "आणि रेस वाढवली असेल, तर का वाढवली ते शोधा," तो म्हणाला. "बरेचदा मशीन कुठूनतरी चोरून हवा खात असतं. पेट्रोल आणि हवा मापात गेली पाहिजे. एखादी भेग पडली की हवा जास्त जाते, पेट्रोल कमी पडतं. मशीन मधेच उधळतं, मधेच मरतं. मग लोक काय करतात, मरू नये म्हणून रेस वाढवतात. छप्पर गळतंय म्हणून खाली बादली ठेवायची, तसंच. फक्त या बादलीला दात असतात, मावशी."

शोधायचं कसं, तेही सासूबाईंनी विचारून घेतलं. आधी सोपं बघा, मग अवघड, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात बैठक बसली. जुन्या बुंध्याचा ओंडका टेबलासारखा, त्यावर वर्तमानपत्र, बाजूला स्टीलचं ताट. उघडलेला प्रत्येक तुकडा ताटात ठेवायचा आणि हलू द्यायचा नाही, हे माझं काम. साखळीवरचं वाळलेलं रक्त त्यांनी माझ्या दवाखान्यातल्या नमुन्याच्या टूथब्रशने खरवडून काढलं. डॉक्टरांनी "दात नीट घासत जा" म्हणून तो मला दिला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

टाकीतलं पेट्रोल ओतून टाकलं, नवं पेट्रोल ऑइल मिसळून भरलं. हवेची जाळी काढली, ती स्वच्छ होती. प्लग काढला. त्याचं टोक चहाच्या रंगाचं असतं, असं पार्टवाला म्हणाला होता. आमच्या प्लगचं टोक पांढरं फटक होतं, खडूसारखं.

"उपाशी आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "पेट्रोल पोचत नाहीये पुरेसं."

मग त्यांनी मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या कडीत पाय रोवला, मला मागे भिंतीपाशी उभं केलं आणि मशीन सुरू करायची दोरी ओढली. दोन-तीन हिसक्यांत ते सुरू झालं. त्यांनी खटक्यावरून हात काढला. दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. आणि साखळी फिरत राहिली. सावकाश नाही, चांगली सरसर.

"बघ!" त्या इंजिनवरून ओरडल्या. "हा भास आहे का?"

"नाही!"

"मोठ्याने बोल!"

"नाही, आई! फिरतेय!"

शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. सासूबाईंनी त्यांनाही विचारलं, "दिसतंय ना?" काकूंना काय दिसायला हवंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही हो म्हटलं. सासूबाईंना नाही म्हणायची कुणाची छाती होती?

रेसचा स्क्रू त्यांनी थोडा थोडा उलटा फिरवला. आवाज खाली आला, साखळी थांबली. म्हणजे क्लच शाबूत होता. पण साखळी थांबली की पाठोपाठ इंजिनही आचके देऊन मेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेलं. रेस वाढवली की जगायचं, पण साखळी घेऊन जगायचं. मधलं काही नाहीच.

त्यांनी ते बंद करून साखळी आणि पट्टी काढून टाकली, म्हणजे आता ते कुणाला चावू शकणार नव्हतं, आणि पुन्हा सुरू करून हातात धरलं. आडवं धरलं तेव्हा आवाज एक होता. तोंड वर केलं तेव्हा थोडा बसला. तोंड खाली केलं मात्र, ते केकाटायलाच लागलं.

सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. मशीनचं तोंड जमिनीकडे, मांडीच्या बाजूला. मला कळायला क्षणभर उशीर झाला. सासऱ्यांनी झाडावर ते असंच धरलं होतं.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पार कोरडा होता. "त्या दिवशी मी हेच ऐकलं. आधी कान म्हणाले, मग डोळ्यांनी पाहिलं. आणि मला भास झाला."

झाकण काढून त्यांनी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या मागे बोट घातलं. तिथे कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा एक रबराचा तुकडा असतो, आखूड नळीसारखा. मशीन चालू ठेवून त्यांनी ब्रशने त्यावर जाड ऑइल लावलं. ऑइल लागलं आणि ते केकाटणं एकदम उतरलं, जणू कुणी रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोट दिलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. पुन्हा ऑइल, पुन्हा शांत.

"हाच," त्या म्हणाल्या आणि मशीन बंद केलं.

तो रबर बाहेर काढायला बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला भेग होती, आणि भेगेवर काळी चिकट पेस्ट थापून वरून अंगठा फिरवला होता. पेस्ट एका कडेने सुटली होती. मशीन खाली झुकलं की भेग तोंड उघडत होती.

भेग पडणं वेगळं. रबर आहे, फाटतोच कधीतरी. पण पेस्ट आपोआप येत नाही. ती लावणाऱ्याला भेग माहीत असते.

सासूबाई ओंडक्यावर बसल्या. मग उठल्या, साबणाने हात धुतले आणि भावाला फोन लावला. "ये," म्हणाल्या. "चहाला ये."

मामा बिस्किटांचा पुडा घेऊन आले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, सासरे पलंगावर पडून होते. मामांनी दारातूनच "काय दाजी, कसंय?" विचारलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. बशी मात्र वेगळी ठेवली. बशीत रबर होता.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चहा उचलला.

"हे काय आता?"

"तूच सांग. तुझं मशीन तुझा हात ओळखतं ना. हा रबर हात ओळखतोय का बघ."

"ताई, तू मशीन उघडलंस? त्याची सगळी सेटिंग..."

"सेटिंगचं नाव काढू नकोस. भेग होती, तुला माहीत होती. तू वर पेस्ट फासलीस आणि बंद पडू नये म्हणून रेस चढवलीस. साखळी फिरत होती हे तुला ठाऊक होतं. आणि ते आत रक्ताने माखून पडले होते तेव्हा तू मला म्हणालास, भास."

"मी म्हटलं ते तुला त्रास होऊ नये म्हणून."

"मला?" सासूबाई उभ्या राहिल्या. "मला त्रास होऊ नये म्हणून मला वेडी ठरवलंस? मी झाडाखाली उभी असते रे. ते मशीन त्यांच्या हातातून सुटलं असतं तर माझ्या डोक्यावर आलं असतं. तेव्हा पण म्हणाला असतास का, ताईला भास झाला आणि ती मेली?"

"ताई, आवाज कमी कर."

"नाही करणार! माझं घर आहे. आवाज कमी करायचा होता तो त्या मशीनचा करायचा होतास!"

मामांनी कप खाली ठेवला. ते तसे वाईट माणूस नाहीत. पण कोपऱ्यात सापडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"मी एकटाच का?" ते म्हणाले. "मी दाजींना सांगितलं होतं. रबर बदलायला हवा, मागवावा लागेल, आठ-दहा दिवस मशीन बंद राहील. तेच म्हणाले, काम हातात आहे, तात्पुरतं करून दे. रेस वाढव म्हणून तेच म्हणाले. विचार त्यांना. आणि ताईला सांगू नकोस, हेही तेच म्हणाले."

सासूबाई भावाकडे पाहत राहिल्या. मग वळल्या आणि आत गेल्या. मी दाराशी थांबले. जावं की न जावं, कळत नव्हतं.

सासरे छताकडे बघत होते.

"खरं का?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं, चारच दिवसांचं काम होतं. मला वाटलं, मी जपून धरीन."

"साखळी फिरतेय हे माहीत होतं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू दोरी सोडून घरी गेली असतीस. मला चढू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"म्हणूनच."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला क्षणभर वाटलं, आता सासूबाई हसतील. पण त्या हसल्या नाहीत. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून त्या वाकल्या.

"पाय तुमचा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाचं तुम्ही काय करायचं ते करा. पण दवाखान्यात, टाके घालून तुम्हाला बाहेर आणलं, तेव्हा मी तुमच्यासमोर ह्याला पुन्हा सांगितलं, साखळी फिरत होती. तुम्ही शुद्धीवर होतात. ह्याने पुन्हा म्हटलं, भास. आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी पाहिलं. मला वाटलं, दुखतंय म्हणून मिटले. इतकी वर्षं मी खालून तुमचा जीव धरून ठेवलाय. आणि तुम्ही मला खोटं पडू दिलंत. एक शब्द बोलायचा होता. 'हो.' एवढाच."

सासऱ्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं, त्यांचं पांघरूण सरळ केलं आणि बाहेर आल्या. मामा गेले होते. बिस्किटांचा पुडा खुर्चीवर तसाच होता.

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते कुणाच्याही सुनेला न येवोत. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, पायाची पट्टी डॉक्टरांनी दाखवली तशी नीट बांधलेली. शब्द मात्र एक नाही. सासरे मला म्हणायचे, "तिला सांग, भात मऊ झालाय आज, छान आहे." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्यांना सांग, मला ऐकू येतं." मी मधे उभी, पोस्टमनसारखी, पत्रावर पत्ता नसताना.

नवऱ्याने एकदा वडिलांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "आई, एवढं दुखणं भोगतायत ते. अजून किती शिक्षा?"

"मी शिक्षा देत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय. दोन्हींत फरक आहे. शिक्षा असती तर कधीतरी संपली असती."

नवा रबर आला. सासूबाईंनीच तो बसवला. मग मशीन लावायचा, म्हणजे त्याचे स्क्रू जुळवायचा दिवस आला. पार्टवाल्याने समजावून दिलं होतं, एक स्क्रू हळू चालीचा, एक पळण्याचा आणि एक रेसचा. किती फिरवायचा ते मात्र कान सांगतात, असं तो म्हणाला होता. अंगण आतल्या खोलीच्या खिडकीला लागून आहे. सासूबाईंनी मशीन सुरू केलं, हळू चालीचा स्क्रू फिरवायला लागल्या, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अजून थोडा बाहेर घे. गुदमरतंय ते."

कितीतरी दिवसांनी सासरे थेट त्यांच्याशी बोलले होते. सासूबाईंनी मशीन खाली ठेवलं, खिडकीपाशी गेल्या आणि खिडकी लावून घेतली. बाहेरून कडी नव्हती म्हणून फळी टेकवली.

मग त्या कामाला लागल्या. हळू चाल अशी लावली की इंजिन एका लयीत भुडभुडत राहिलं, ना उधळलं ना मेलं. खटका पटकन दाबला की न अडखळता उठायला हवं होतं, ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा स्क्रू हलवला. पळण्याचा स्क्रू लावताना माझ्या कानाला तर मशीन किंचाळत असताना जास्त ताकदवान वाटत होतं. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "किंचाळतं ते उपाशी असतं. हे असं, जरा घोगरं हवं. लाकडात गेलं की आपोआप साफ होतं." शेवटी साखळी चढवली. मशीन ओंडक्यावर चालू ठेवलं आणि त्या हाताची घडी घालून समोर उभ्या राहिल्या. इंजिन चालू होतं, साखळी तसूभरही हलत नव्हती. बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या.

मग त्यांनी मशीन उचललं आणि ओंडक्यात घातलं. इतकी वर्षं झाडाखाली काढली, पण लाकूड त्यांनी स्वतः कधी कापलं नव्हतं. पहिली चकती तिरकी निघाली, दुसरी त्याहून तिरकी. बाह्या भुशाने भरल्या, दंड लटलटत होते, आणि तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या. भावाला, नवऱ्याला, दोरी सांभाळ म्हणणाऱ्या प्रत्येकाला. मशीनच्या आवाजात त्या फक्त मला ऐकू आल्या, आणि त्या मी इथे लिहिणार नाही.

ते त्यांनी विकलं नाही. पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी फाटकावर झाड आडवं पडलं, तर त्या काम घेऊन मोकळ्या झाल्या. जमिनीवर पडलेलं झाड, चढायचं काही नाही. नवरा गाडी घेऊन आला, मी सुट्टी घेतली. सासरेही काठी टेकत आले आणि गाडीत बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. काम संपल्यावर मात्र खाली उतरले, भुशात माखलेल्या बायकोसमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर, फाटकाच्या मालकांसमोरसुद्धा म्हणाले, "त्या दिवशी साखळी फिरत होती. हिने सांगितलं ते खरं होतं. मी गप्प बसलो."

फाटकाच्या मालकांना काही कळलं नाही. "असं का?" म्हणाले बिचारे.

सासूबाईंनी चेहऱ्यावरचा भुसा बाहीने पुसला. "पाणी द्या इकडे," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या त्यांच्याशी बोललेल्या या पहिल्या तीन शब्दांसाठी सासरे गाडीकडे लंगडत इतक्या घाईने गेले की काठी तिथेच राहिली.

मामांना मात्र इतकं सोपं गेलं नाही. सासूबाईंनी त्यांना बोलावून माझ्या नवऱ्यासमोर बसवलं आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. मामा-भाच्याची फार जवळीक. सांगताना मामा घामाघूम झाले. आता ते येतात, जेवतात, बहिणीशी बोलतात. पण आमच्या मशीनला हात लावायची त्यांना परवानगी नाही. फक्त साखळीला धार लावून देतात, आणि तीही सासूबाई नखावर घासून तपासतात. एकदा मामा चिडून म्हणाले, "अजून विश्वास नाही तुझा?" तर म्हणाल्या, "विश्वास आहे. म्हणून तर नखावर बघते, नाही तर तुझ्या बोटावर पाहिली असती."

पाय बरा झाल्यावर सासरे पुन्हा चढायला लागले, पण थोड्या उंचीवर. आता मोठी झाडं ते घेत नाहीत. चढायच्या आधी मशीन जमिनीवर चालू करून ठेवायचं, सासूबाईंनी साखळी बघायची, त्यांनी मान हलवली तरच ते वर न्यायचं. घाईत असलेले मालक कुरकुरतात, "अहो मावशी, चालू झालंय ना? मग?" मावशी त्यांना जे ऐकवतात त्यानंतर ते पुन्हा विचारत नाहीत.

एकदा घरी परतताना, गाडीत पुढे बसलेल्या आईला माझ्या नवऱ्याने विचारलं, "आई, गेला का गं आता राग?"

मागे सासरे दोरीचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"जाईल कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "घरचाच आहे. राहील." आणि मग मागे न वळता, "दोरी ओली आहे ती. मांडीवर घेऊ नका, पाय ठणकेल."

सासऱ्यांनी निमूटपणे दोरी खाली ठेवली.